फोन टॅपिंगच्या आदेशावर न्यायाधीशाची सही का नसावी?

प्राजक्त_नाशिक

सरकारचं संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्या, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना दिला होता. देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला तो मागे घेतला गेला. त्या दिवसांत सोसायटीच्या ग्रुपपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत सगळीकडे हाच विषय होता. लोक एवढे जागरूक आहेत हे बघून बरं वाटलं. पण ॲप डोळ्यांना दिसतं, म्हणून आपण त्यावर बोललो. ज्या रस्त्याने सरकार रोज आणि पूर्ण कायदेशीरपणे फोन ऐकतं, त्याबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

आधी कायदा सांगतो. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम ५(२) खाली इंग्रज आपल्या तारा वाचायचे. तेच कलम स्वातंत्र्यानंतर टेलिफोनला लागलं, मग मोबाइलला लागलं. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. त्याचं कलम २०(२) आणि डिसेंबर २०२४ चे नियम यांनी जुन्या तरतुदींची जागा घेतली. नाव बदललं, रचना तीच राहिली. केंद्रात गृहसचिव आदेश देतात, राज्यात राज्याचे गृहसचिव. आदेश ६० दिवस चालतो, वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत नेता येतो. मग तो बरोबर होता का, हे तपासायला पुनर्विलोकन समिती असते. केंद्राच्या समितीत कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. राज्याच्या समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव.

मागणारे पोलीस सरकारचे, परवानगी देणारे सचिव सरकारचे, तपासणारे सचिवही सरकारचे. या साखळीत न्यायाधीश कुठेही नाही. विरोधी पक्षाचा माणूस नाही. आणि ज्याचा फोन ऐकला त्याला ते कधीच कळवलं जात नाही.

आता आकडे बघा. २०१३ मध्ये माहिती अधिकारात केंद्रीय गृह मंत्रालयाने उत्तर दिलं होतं की एकटं केंद्र सरकार महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० फोन टॅपिंगचे आदेश काढतं. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात यावर बोट ठेवलं. पुनर्विलोकन समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा, म्हणजे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासायचे. हिशोब करून बघा. समिती आठ तास न उठता बसली तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. दोन सेकंदांत फाइलवरचं नावसुद्धा नीट वाचून होत नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न पूर्वी गेला होता. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर १८ डिसेंबर १९९६ ला निकाल आला. फोनवरचं बोलणं हा खाजगीपणाचा भाग आहे हे न्यायालयाने मान्य केलं. पण न्यायाधीशाची आधी परवानगी हवी, ही मागणी मान्य केली नाही. कायद्यात तशी तरतूद नाही आणि नियम करणं केंद्राच्या हातात आहे, असं कारण दिलं. मग तात्पुरती सोय म्हणून सचिवांची समिती आली. ती तात्पुरती सोय आजही चालू आहे.

मधल्या काळात बरंच पाणी वाहून गेलंय. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात तर याहून नेमकी गोष्ट सांगितली आहे. राष्ट्रीय सुरक्षेसाठी आधारची माहिती द्यायची असेल तर एकट्या सहसचिवाचा आदेश पुरणार नाही. त्याहून वरचा अधिकारी हवा आणि त्याच्यासोबत न्यायिक अधिकारी हवा, शक्यतो उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायाधीश. माझ्या आधारच्या माहितीसाठी न्यायाधीश हवा असं न्यायालय म्हणतं, तर मी आईशी, डॉक्टरांशी, वकिलांशी बोलतो त्यासाठी का लागू नये?

मला इथे नेमकी चर्चा हवी आहे. टॅपिंग बंदच करा असं मी म्हणत नाही.

---

टेलिफोनभवन

प्राजक्त, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी सरकारी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. एक्स्चेंजच्या बाजूने हे काम कसं चालायचं ते थोडं लिहितो.

लँडलाइनच्या जमान्यात एमडीएफ रूममध्ये सगळ्या तारा येऊन पडायच्या. भिंतभर लोखंडी फ्रेम, त्यावर हजारो जोड्या. एखाद्या नंबरवर लक्ष ठेवायचं असलं की त्याच्या पेअरवरून जंपर टाकून दुसरी लाइन काढायची, ती ऐकणाऱ्यांच्या खोलीत जायची. काम एका माणसाचं, वेळ काही मिनिटांची. पण त्याआधी कागद लागायचा, आणि तो कागद कोणी आणला, कोणाच्या सहीचा आहे, हे रजिस्टरमध्ये चढायचं. त्या खोलीत एक-दोघांपलीकडे कोणाला जायची मुभा नसे. जंपर दिसायचा. एखाद्या लाइनमनला चुकून दिसला तरी तो विचारू शकायचा की हा कशाचा.

आता जंपर नाही. सगळं सॉफ्टवेअरमधून होतं. कंपनीत नोडल अधिकारी असतो, आदेश त्याच्याकडे येतो, त्याने दोन तासांत पोच द्यायची. दर १५ दिवसांनी आलेल्या आदेशांची यादी करून ती त्या त्या तपास यंत्रणेकडे पाठवायची आणि ‘हे खरंच तुमचेच का’ हे पडताळून घ्यायचं. ही पडताळणी फार महत्त्वाची आहे. २००५-०६ मध्ये अमर सिंह यांचा फोन एका खाजगी कंपनीने बनावट पत्रावर टॅप केला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की त्या पत्रात भाषेच्या आणि स्पेलिंगच्या इतक्या ढोबळ चुका होत्या की कंपनीला तेव्हाच शंका यायला हवी होती. खासदाराच्या बाबतीत हे झालं. खालच्या टेबलावरचा माणूस वरून आलेला कागद बघून ‘हे बरोबर दिसत नाही’ म्हणेल, ही अपेक्षा ठेवून यंत्रणा चालवता येत नाही. मी त्या टेबलावर बसलो आहे, म्हणून सांगतो.

---

निवृत्त_फौजदार

दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. माझी सगळी नोकरी मुंबईत गुन्हे शाखेच्या आसपास गेली.

२६/११ च्या रात्री ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये घुसलेल्यांना पाकिस्तानातून फोनवर सूचना मिळत होत्या. ते फोन चालू असतानाच आपल्या लोकांनी ऐकले. कोणत्या मजल्यावर जा, आग लाव, ओलीस मारा, हे शब्द न् शब्द रेकॉर्ड झाले आणि कसाबच्या खटल्यात पुरावा म्हणून उभे राहिले. त्या रात्री आम्ही न्यायाधीशांच्या बंगल्यावर फाइल घेऊन जायचं होतं का? खंडणीच्या केसमध्येही तसंच. उद्योजकाच्या पोराला उचललंय, पहिला फोन आलाय, दुसरा तासाभरात येणार. तिथे मिनिटं मोजावी लागतात.

आणि फोन ऐकणं म्हणजे मजा नसते. कानाला हेडफोन लावून पोरं आठ आठ तास बसतात. त्यातलं बहुतेक बोलणं भाजी आणि मुलांच्या शाळेचं असतं. त्यात रस घ्यायला कोणाला वेळ नसतो.

---

काळा_कोट

फौजदारसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राच्याच कायद्यात आहे आणि ते तुम्ही स्वतः वापरलेलं असणार.

१९९९ च्या मोक्कात, म्हणजे राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, कलम १४ आहे. तातडीची वेळ असेल तर अतिरिक्त महासंचालक दर्जाचा अधिकारी टॅपिंग लगेच सुरू करायला लावू शकतो, मात्र ४८ तासांत रीतसर परवानगीसाठी अर्ज गेला पाहिजे. म्हणजे आधी ऐका, दोन दिवसांत कारण सांगा. तो अर्ज सचिवाऐवजी न्यायाधीशाकडे गेला तर २६/११ च्या रात्री काहीही अडलं नसतं. अटकेचंही तसंच आहे ना? तुम्ही माणूस पकडता तेव्हा आधी न्यायालयात जात नाही, पण २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करताच. त्यामुळे गुन्हेगार सुटले, अशी तक्रार पोलिसांनी कधी केलेली नाही.

मोक्काबद्दल आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत आहे. त्यातली कलमं १३ ते १६ फोन ऐकण्याबद्दल आहेत. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती, कारण टेलिफोन हा केंद्राचा विषय. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत वैध ठरवली. पण याच कायद्यात कलम २७ सुद्धा आहे. दरवर्षी राज्य सरकारने अहवाल तयार करायचा: टॅपिंगसाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, तातडीचे किती होते, त्यातून किती खटले उभे राहिले. आणि कॅलेंडर वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हा अहवाल विधानसभा आणि विधान परिषद, दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. काही भाग उघड करणं घातक वाटलं तर तो वगळायची मुभा आहे. पण आकडे द्यायचे, हे तत्त्व आपल्या राज्याने १९९९ मध्येच कायद्यात लिहून ठेवलंय. २०२३ च्या केंद्रीय कायद्यात असं एक कलमही नाही. २४ वर्षांनी आपण मागे गेलो.

आता ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या शब्दाचं काय होतं बघा. कायदा म्हणतो, सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज असेल तरच फोन ऐकता येतो. मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन २००९-१० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या तीन आदेशांनी ऐकला गेला. आरोप काय, तर कर्जासाठी बँक अधिकाऱ्याला १० लाखांची लाच. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने तिन्ही आदेश रद्द केले. लाचेच्या या प्रकरणात सार्वजनिक सुरक्षिततेला कोणताही धोका दिसत नाही, असं म्हटलं आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. जुलै २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही तशाच प्रकरणात तोच सूर लावला. त्याच्या काही दिवस आधी, जूनमध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र मोठ्या भ्रष्टाचाराचा आर्थिक परिणाम हा सार्वजनिक सुरक्षिततेत बसतो असं मानलं. म्हणजे तुम्ही कोणत्या शहरात आहात यावर तुमचा हक्क ठरतोय.

आणि हे तिन्ही लोक न्यायालयात का पोहोचले? कारण त्यांच्यावर खटला भरला आणि कागदपत्रांत टॅपिंग उघड झालं. ज्याच्यावर खटला भरलाच नाही त्याला कळणारच नाही. न कळलेल्या गोष्टीविरुद्ध दाद कशी मागायची? माझ्या पोटात कालवतं ते इथे. निर्दोष माणसाला या कायद्यात काहीच संरक्षण नाही, आरोपीला थोडं तरी आहे.

---

निवृत्त_फौजदार

वकीलसाहेब, ४८ तासांनी कारण सांगायला माझी हरकत नाही. न्यायाधीशाकडे सांगायलाही नाही, बातमी फुटणार नसेल तर. तालुका कोर्टातून बातमी कशी बाहेर येते ते तुम्हालाही ठाऊक आहे.

---

काळा_कोट

म्हणूनच उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, बंद दालनात. आधार निकालातही तेच सुचवलंय. एवढ्यावर तुमची-माझी सहमती झाली तर हा धागा सार्थकी लागला म्हणायचं.

---

जांभूळबन

पण ज्याने काही गैर केलेलं नाही त्याने घाबरायचं कशाला? माझे फोन ऐकले तर ऐकू देत. त्याने एक बाँबस्फोट टळत असेल तर मला चालेल.

---

केळवे_माहीम

जांभूळबन, मी पालघर जिल्ह्यातली आहे, म्हणून तुम्हाला आमच्याकडची गोष्ट आठवून देते.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद लोक आदरापोटी पाळत नाहीत, भीतीपोटी पाळतात, अशा अर्थाचं. दुसऱ्या मुलीने त्याला लाइक केलं. बस. एवढ्यावर दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. दोघींनी काय गैर केलं होतं? पुढे प्रकरण बंद केलं गेलं, पोलीस अधिकारी निलंबित झाले, पण त्या मुलींचे ते दिवस कोण परत देणार? त्याच घटनेतून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्धची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. तरी पोलीस ठाण्यांमध्ये त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला परत आदेश द्यावा लागला.

‘गैर’ काय हे तुम्ही ठरवत नाही. त्या दिवशी ज्याच्या हातात सत्ता असेल तो ठरवतो. फेसबुकचं निदान जगाला दिसलं, लोक रस्त्यावर आले. फोनवर बोललेलं कोणी असंच वापरलं तर तुमच्या मदतीला कोण येणार? कोणाला कळणारच नाही.

---

जांभूळबन

पालघरची केस माहीत होती, पण ती मी टॅपिंगशी जोडून बघितली नव्हती. माझा प्रश्न मात्र कायम आहे. न्यायाधीशही सरकारचंच ऐकणार असतील तर?

---

हॅरो_चा_जोशी

माझं वास्तव्य बरीच वर्षं इंग्लंडात आहे. जांभूळबन यांच्या शंकेवर इथला अनुभव उपयोगी पडेल.

अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या स्नोडेनने २०१३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन मिळून काय काय गोळा करतात ते उघड केल्यावर इथे मोठा गदारोळ झाला. त्यातून २०१६ चा इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट आला. त्याने पाळतीचे अधिकार कमी केले नाहीत. उलट बरेच अधिकार उघडपणे कायद्यात लिहिले आणि त्यावर इथल्या नागरी हक्कवाल्यांनी कडक टीका केली, ती मला पटते. पण एक गोष्ट त्यांनी चांगली केली. वॉरंटवर मंत्र्याची सही झाली तरी ते लागू होत नाही. न्यायिक आयुक्तांनी, म्हणजे वरिष्ठ न्यायाधीशपद भूषवलेल्या माणसाने, मान्यता द्यावी लागते. तातडीचं असेल तर तीन कामाच्या दिवसांत. किती वॉरंट निघाली त्याचे आकडे दरवर्षी छापून येतात. अमेरिकेत गुन्हेगारी तपासासाठीचं टॅपिंग १९६८ च्या कायद्यापासून न्यायाधीशाच्या आदेशाने होतं आणि न्यायालयांचं प्रशासन त्याचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करतं. जर्मनीत तर तपास संपल्यावर संबंधित माणसाला कळवायचं बंधन आहे. इतके देश हे करून बसले आहेत, त्यांच्याकडचे पोलीस काही हात बांधून बसलेले नाहीत.

न्यायाधीश सरकारचं ऐकतात का? कधी कधी ऐकतात. अमेरिकेच्या गुप्त फिसा न्यायालयाने सगळ्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी सरसकट द्यायला कंपनीला सांगितलं होतं, तेही स्नोडेनमुळेच बाहेर आलं. त्यामुळे न्यायाधीश आला म्हणजे संपलं, असं मुळीच नाही. पण न्यायाधीशापुढे जायचं म्हटलं की अर्ज नीट लिहावा लागतो, कारण द्यावं लागतं, आणि ते कागद कुठेतरी राहतात. फरक तिथून पडायला लागतो.

लोकशाही देशही किती हाव धरतात त्याचं ताजं उदाहरण: २०२५ च्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने ॲपलला गुप्त नोटीस देऊन आयक्लाउडचं एन्क्रिप्शन उघडायची वाट मागितली. फेब्रुवारीत ॲपलने ती जादा सुरक्षा ब्रिटनमधल्या ग्राहकांसाठी बंदच करून टाकली. आता माझ्या फोटोंचा बॅकअप तुमच्या नाशिकच्या बॅकअपपेक्षा कमी सुरक्षित आहे.

---

शाहूपुरी

मूळ विषय टॅपिंगचा आहे, पण इंटरनेट बंद करण्याचा आदेशही त्याच गृहसचिवांच्या सहीने निघतो, म्हणून इथेच लिहितो. चालत नसेल तर प्राजक्त, सांगा.

७ जून २०२३ ला कोल्हापुरात स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार झाला. त्यानंतर जिल्ह्याचं मोबाइल इंटरनेट बंद केलं. आमचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. दंगल आमच्या दारापर्यंत आली नाही, पण इंटरनेट गेलं ते सगळ्यांचंच गेलं. गाडी भरून उभी, ई-वे बिल निघेना. ड्रायव्हर म्हणतोय, बिलाशिवाय हायवेला लागणार नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. गिऱ्हाईक क्यूआर कोडसमोर मोबाइल धरून उभं, पैसे जाईनात. ओळखीच्यांना वहीत लिहून माल दिला, अनोळखी रिकाम्या पिशवीने परत गेले. हमालाला रोज संध्याकाळी पैसे लागतात, तो उधारीवर जगत नाही.

आणि अफवा थांबल्या का? मुळीच नाही. फोनवरून, तोंडातोंडी, दुप्पट वेगाने फिरल्या. ‘अमुक गल्लीत माणूस मारला’ म्हणून फोन यायचा आणि खरं-खोटं बघायला बातम्या उघडाव्यात तर इंटरनेट नाही. पोलिसांनी स्वतः ‘असं काही घडलेलं नाही’ म्हणून सांगितलं तरी ते लोकांपर्यंत पोहोचणार कशावरून?

अमरावतीला नोव्हेंबर २०२१ मध्ये हेच केलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड, संभाजीनगरला तेच. दर वेळी हेच औषध, आणि ते लागू पडलं का ते कोणी तपासत नाही.

---

काळा_कोट

शाहूपुरी, तुमचं म्हणणं संसदेच्या माहिती तंत्रज्ञान विषयक स्थायी समितीनेच डिसेंबर २०२१ च्या अहवालात मांडलंय. देशात कुठे, किती वेळा इंटरनेट बंद केलं याची नोंद गृह मंत्रालयही ठेवत नाही आणि दूरसंचार विभागही ठेवत नाही, हे समितीला आढळलं. नोंदच नाही तर उपयोग झाला की तोटा, हे कोण सांगणार?

काश्मीरात ऑगस्ट २०१९ मध्ये बंद केलेलं ४जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आलं. दीड वर्ष. अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि प्रत्येक आदेश प्रसिद्ध केला पाहिजे. पुढच्या वेळी तुमच्याकडे बंद झालं तर पहिलं काम हे करा: जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन आदेशाची प्रत मागा. तो आदेश गुप्त नसतो.

---

राउटर

तांत्रिक बाजू राहिलीय. व्हॉट्सॲपवरचं बोलणं एन्क्रिप्टेड असतं, कंपनीला टॅप करून ते ऐकता येत नाही. म्हणून पाळतीचा भर दोन ठिकाणी सरकला आहे.

पहिलं ठिकाण नोंदी. तुम्ही कोणाला, कधी, किती वेळ फोन केला, कोणत्या टॉवरखाली होता, कोणत्या आयपीवर गेलात. या सीडीआर आणि आयपीडीआर मोबाइल कंपन्यांना डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्या मागवायला गृहसचिवांची सही लागत नाही, पोलीस तपासाच्या सर्वसाधारण अधिकारातून मागवतात. रात्री दोनला तुम्ही कोणत्या इस्पितळाच्या टॉवरखाली होता आणि त्यानंतर कोणत्या वकिलाला फोन केलात, एवढं कळलं की बोलणं ऐकायची गरज उरत नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी खाजगी गुप्तहेरांची टोळी पकडली होती. ते लोकांच्या सीडीआर मिळवून पैशाला विकत होते. सरकारी कामासाठी साठवलेली माहिती बाजारात कशी जाते, ते आपल्या ठाण्यातच दिसलं.

दुसरं ठिकाण थेट तुमचा फोन. पेगासससारखं सॉफ्टवेअर फोनमध्ये घुसलं की एन्क्रिप्शनला अर्थ राहत नाही. तुम्ही स्क्रीनवर वाचता तेच तेही वाचतं, माइकही चालू करतं. २७ ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितलं गेलं की तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही. तिकडे अमेरिकेत व्हॉट्सॲपने पेगासस बनवणाऱ्या एनएसओवर खटला भरला. मे २०२५ मध्ये ज्युरीने सुमारे १६.८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला, ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी तो बराच कमी केला, पण कंपनीला व्हॉट्सॲपच्या वाटेला जायची कायमची मनाई केली. २०१९ च्या त्या हल्ल्यात भारतातलेही लोक होते. त्यांना दाद मिळाली ती एका अमेरिकन कंपनीच्या खटल्यातून. आपल्या फोनचं रक्षण आपल्या न्यायालयाने करावं, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

---

केळवे_माहीम

आणि मजकूर काढून टाकण्याचं काय? मला तर वाटतं इंटरनेट कोणाच्या हातात आहे हे तिथे जास्त उघडं पडतं.

---

काळा_कोट

थोडक्यात सांगतो, नाहीतर त्यावर वेगळा धागा लागेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र वेबसाइट बंद करायला लावतं आणि त्या आदेशांबाबत गुप्तता पाळायची असा नियम आहे. त्याशिवाय आता ‘सहयोग’ पोर्टल आहे, ज्यावरून वेगवेगळी खाती आणि राज्यांचे पोलीस मजकूर काढायच्या नोटिसा पाठवतात. एक्स कंपनीची त्याविरुद्धची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. ऑक्टोबरमध्ये केंद्राने नियम बदलून अशा नोटिसांसाठी सहसचिव किंवा पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाची अट घातली, ती सुधारणा चांगलीच.

पण अभिमान वाटावा असा निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. २०२३ मध्ये केंद्राने नियम केला की केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलची बातमी खोटी आहे की नाही हे सरकारचाच फॅक्ट चेक विभाग ठरवेल. कुणाल कामरा आणि इतर न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला नियम घटनाबाह्य असल्याचं मत दिलं आणि तो गेला. स्वतःच्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व तिथे मान्य झालं. प्राजक्तचा मूळ प्रश्नही तोच नाही का? टॅपिंगच्या आदेशाला हेच तत्त्व लावा.

---

प्राजक्त_नाशिक

इतकी सकस चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, विशेषतः फौजदारसाहेबांचे.

काळा_कोट यांनी सांगितलेलं कलम २७ मी काल मूळ कायद्यात वाचून काढलं. तसंच आहे. म्हणून मी मंत्रालयात गृह विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, त्यामुळे फाफटपसारा नको. मसुदा असा:

“विषय: महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम २७ खालील वार्षिक अहवाल. कालावधी: १ जानेवारी २०१५ ते ३१ डिसेंबर २०२४. आवश्यक माहिती: (१) वरील कालावधीतील प्रत्येक वर्षाचा अहवाल विधानसभा व विधान परिषदेच्या पटलावर कोणत्या तारखेस ठेवण्यात आला. (२) पटलावर ठेवलेल्या प्रत्येक अहवालाची प्रत. (३) एखाद्या वर्षाचा अहवाल ठेवला नसल्यास त्याबाबतच्या टिपणीची प्रत.”

कोणाचं नाव मागितलेलं नाही, कोणता नंबर मागितलेला नाही, चालू तपासाला धक्का लागत नाही. जे सभागृहापुढे ठेवायचं बंधन आहे तेच मागतोय, त्यामुळे गुप्ततेचं कारण देता येऊ नये. वकीलसाहेब, तिसरा मुद्दा असाच ठेवू का? ‘कारणे कळवा’ लिहिलं तर ‘माहिती अधिकारात कारणे विचारता येत नाहीत’ म्हणून अर्ज परत येतो, म्हणून टिपणी मागितली आहे.

---

काळा_कोट

तिसरा मुद्दा बरोबर आहे. त्यात फक्त ‘टिपणी’च्या पुढे ‘व पत्रव्यवहार’ घाला. नकार आला तर पहिलं अपील ३० दिवसांत करा, मी लिहून देतो.

---

टेलिफोनभवन

आमच्या मतदारसंघाच्या आमदारांना मी ओळखतो. अधिवेशनात तारांकित प्रश्न म्हणून हाच मजकूर देता येईल का विचारतो. प्राजक्त, मसुदा वापरायला परवानगी आहे ना?

---

प्राजक्त_नाशिक

काका, अवश्य वापरा. इथल्या कोणीही आपापल्या आमदाराला पाठवा, माझं नाव घालायची गरज नाही. अर्ज सोमवारी जाईल, उत्तर आलं की याच धाग्यावर जसंच्या तसं टाकतो.